दृश्यतबकड्यांचे रूपांतर आणि चित्राची गुणवत्ता

डीव्हीडी तबकडीवरील चित्रपट अथवा मुलाखत संगणकातील धारिकेच्या रूपात आणली की चित्र मुळापेक्षा सुस्पष्ट व्हावे, अशी अपेक्षा पुष्कळ जण बाळगतात. ती फलद्रूप होणे शक्य नाही. तबकडीवर चित्र एमपेग-२ ह्या पद्धतीने आधीच संकुचित केलेले असते, आणि त्या वेळी गळालेला तपशील पुन्हा लाभत नाही. उरलेला तपशील रूपांतरात गमावू न देणे एवढेच आपल्या हाती असते.

काही वर्षांपूर्वी बोलीविषयक मुलाखतींच्या तबकड्यांचे रूपांतर आम्ही बाहेरून करवून घेतले. वक्त्याचे ओठ हलू लागताच त्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसू लागले! त्याचे कारण असे. पाल पद्धतीच्या व्हिडिओ-कॅमेऱ्यात चित्राच्या ५७६ ओळींपैकी सम ओळी एका क्षणी व विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने टिपल्या जात. संगणकाच्या पडद्यावर दोहोंचे एकच चित्र झाले म्हणजे हलणारी वस्तू दोन ठिकाणी दिसते. ह्यावर सोपा उपाय म्हणजे निम्म्या ओळी टाकून देणे. परंतु मग सेकंदाला २५च चित्रे उरतात. ‘प’ किंवा ‘म’ उच्चारताना ओठ एक दशांश सेकंद मिटले, तर तेवढ्यात दोन-तीन चित्रेच हाती लागतात. दोन्ही ओळीसमूहांपासून सेकंदाला ५० पूर्ण चित्रे तयार केली, तर पाच लागतात. उच्चाराच्या अभ्यासकाला हा भेद क्षुल्लक नव्हे.

चित्रपटाची गोष्ट निराळी. पाल तबकडीवरील चित्रपटात दोन्ही ओळीसमूह बहुधा एकाच क्षणाचे असतात. तेथे हा संस्कार केल्यास चित्र उगाच मऊ पडते. शिवाय सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट अशा तबकडीवर सामान्यतः २५ च्या वेगाने चालविलेला असतो. त्यामुळे संभाषण सुमारे ४ टक्के द्रुत होते, आणि दुरुस्ती केलेली नसल्यास स्वरही तितकाच चढतो. चित्रपटातील संवादांवरून स्वरमापन करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चित्र ताणून १९२० × १०८० करण्याचा मोह टाळावा. धारिका फुगते, तपशील वाढत नाही. ७२० × ५७६ ह्या मापाबरोबर ४:३ किंवा १६:९ ही प्रमाणाची खूण मात्र पुढे न्यावी, नाहीतर चेहरे अरुंद दिसतात. एच.२६४ पद्धतीत धारिकेचा आकार आधी ठरविण्यापेक्षा गुणवत्ता स्थिर ठेवणे श्रेयस्कर; एक्स२६४ ह्या आज्ञावलीत त्याचा अंक १८ ते २० असावा. (अंक जितका लहान, तितके चित्र चांगले.) ध्वनी मुळातला तसाच ठेवावा.

जतनासाठी मात्र पुनःसंकोचन करूच नये. तबकडीवरील चित्र व ध्वनी जसेच्या तसे एमकेव्ही ह्या वेष्टनात घालता येतात व त्यात काहीही गळत नाही. एकपदरी तबकडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, म्हणजे आजच्या मानाने जागाही फारशी लागत नाही. घरी किंवा कचेरीत लिहिलेल्या तबकड्यांतील रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो. म्हणून आमच्या उरलेल्या तबकड्यांची अशी प्रत आधी काढण्यास आम्ही आरंभ केला आहे.