किडा, ऊन आणि कोरडं फडकं

दिवाळीच्या सुमारास पनवेल, उरण, पेणकडची भातं पिवळी पडू लागतात आणि संध्याकाळी दिव्याभोवती हिरवे तुडतुडे जमतात. भाताचा रस शोषून वाढलेला हा किडा तांदळाच्या दाण्याहून लहान, पण उजेड दिसला की झेपावतो. पणतीजवळ तो आला तर आपण पणती बाजूला सरकवतो. गाडीच्या हेडलाइटसमोर मात्र त्याला सुटका नसते.

नवी मुंबईतल्या गाड्यांना किड्यांची ददात नाही. एका अंगाला ठाणे खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचे डोंगर, पनवेल ओलांडलं की शेतं. पहिल्या पावसानंतर वारुळांतून पंखवाली वाळवी बाहेर पडते. खाडीकाठी डासांसारखी दिसणारी, पण न चावणारी चिलटं ढगासारखी घोंगावतात. रोहित पक्ष्यांसाठी आपण ज्या पाणथळ जागा जपायला हव्यात म्हणतो, त्याच चिखलात त्यांच्या अळ्या वाढतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडी जिवंत आहे म्हणून पाम बीच मार्गावरून रात्री आलेल्या गाडीच्या नाकावर तिचे ठिपके दिसतात, हे आधी लक्षात घ्यावं.

आता गाडीच्या बाजूने पाहू. कळंबोलीहून पुण्याच्या द्रुतगती मार्गाला लागलं की सपाटीवर ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ८० ऐवजी १०० ने गेलं की तोच किडा दीडपटीहून जास्त जोराने आदळतो. त्याचं कवच फुटतं आणि आतली प्रथिनं, चरबी, पाचक रस रंगावर पसरतात. ओलं असेपर्यंत हे सगळं साध्या पाण्याने निघतं. खरा त्रास दुसऱ्या दिवशीच्या उन्हात सुरू होतो. पत्रा तापतो, वरचा पारदर्शक थर किंचित मऊ होतो, तर किड्याचा अंश सुकून आक्रसतो आणि त्या थराला धरून बसतो. त्यातली आम्लं आणि विकरं उष्णतेत जोमाने काम करतात. रंगावर जी पुसट, बुडाल्यासारखी खूण राहते ती अशी घडते.

या थराची जाडी मनात ठेवली तर पुढचं सगळं आपोआप पटतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन होतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. गाडीची चकाकी, उन्हापासूनचा बचाव, सगळं त्या पातळ पडद्यावर अवलंबून असतं.

या साऱ्यात सर्वांत विलक्षण गोष्ट चतुराची आहे, आणि ती उभ्या गाडीवर घडते. पावसाळ्यासोबत पँटाला जातीचे चतुर आपल्याकडे मोठ्या संख्येने दिसू लागतात. भाद्रपद-आश्विनात वाशी-नेरूळच्या मोकळ्या मैदानांवर त्यांचे थवे फिरताना कुणीही पाहिले असतील. हेच चतुर पुढे मालदीववरून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात, असं मालदीवमध्ये वर्षानुवर्षं नोंदी ठेवणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. एवढा लांबचा प्रवास करणारा हा जीव आपल्या बॉनेटपाशी मात्र फसतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट दिशेने ध्रुवीभूत झालेला असतो. चतुर तळं ओळखतात ते त्या खुणेवरून. गुळगुळीत, गडद बॉनेटवरूनही तसाच प्रकाश उसळतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की लाल आणि काळ्या गाड्या पाणकीटकांना म्हणूनच जास्त ओढतात. मग मादी बॉनेटवर शेपटीचं टोक टेकवत टेकवत अंडी घालून जाते.

ती अंडी रंगाला का खातात, याचा छडा ब्राझीलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी लावला. चतुराच्या अंड्याचं कवच टणक होताना त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. कवचातल्या प्रथिनांमध्ये गंधकयुक्त घटक असतो. तापलेल्या पत्र्यावर त्या दोघांची क्रिया होऊन एक तीव्र आम्ल बनतं आणि ते क्लिअर कोट कुरतडतं. उन्हात काळ्या गाडीचा पत्रा सत्तर अंशांच्या घरात जातो, म्हणजे या क्रियेला हवी तेवढी आच आयतीच मिळते. पावसाने उघडीप दिली आणि गाडी दिवसभर उघड्यावर उभी असली, तर संध्याकाळी बॉनेटवरून एक ओलं फडकं फिरवणं एवढ्यासाठीच मोलाचं.

किडे काढायचे ते त्याच दिवशी, गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागल्यावर. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळून वेगळेच डाग पडतात. जुना सुती पंचा किंवा मायक्रोफायबरचं कापड पाण्यात निथळतं भिजवून बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर अंथरावं आणि दहा मिनिटं तसंच राहू द्यावं. मधे एकदा वरून पाणी शिंपडावं. कापड उचललं की फरक डोळ्यांना दिसतो: पंख आधीच सुटून कापडाला लागलेले असतात, कडक तपकिरी ठिपके फुगून जेलीसारखे झालेले असतात आणि त्यांच्याभोवती चरबीची पिवळसर कड उरलेली असते. ती कड गाडीच्या शाम्पूने जाते. कापड एकाच दिशेने, जोर न लावता ओढावं, प्रत्येक वेळी घडी पालटून स्वच्छ बाजू वर घ्यावी. एखादा ठिपका हटला नाही तर पुन्हा भिजवावा. इथे मनगटाची ताकद उपयोगाची नाही, कारण किड्याचं कवच आणि त्याला चिकटलेली धूळ कोरडी घासली की पॉलिशपेपरसारखं काम करते.

आणि धूळ आपल्याकडे कमी नाही. बांधकामं, डोंगर फोडण्याची कामं, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली अवजड वाहतूक यांनी सकाळपर्यंत गाडीवर बारीक थर बसतो. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत दहा गाड्या उरकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याच्या तुटपुंज्या पैशात त्याला तेवढाच वेळ मिळतो. त्याच्या हाती दोन स्वतंत्र फडकी द्यावीत आणि नीट सांगावं, ‘दादा, पुढच्या भागाला आधी पाणी मारा, भिजू द्या, मग हात लावा.’ कारण सांगितलं की बहुतेक जण ते मनापासून करतात. जास्तीचं काम आहे, तेव्हा पैसेही थोडे जास्त द्यावेत.

घरगुती उपायांपैकी बरेचसे वर्ज्यच समजावेत. भांड्यांची घासणी आणि तारेचा काथ्या रंगाला लावूच नयेत, नखाने खरवडूही नये. रॉकेल-डिझेलने चरबी सुटते, पण तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर धूळ बसते. लिंबू-व्हिनेगरने आम्लावर आणखी आम्ल चढतं. भांड्यांचा साबण एखाद्या वेळी चालेल, रोज वापरला तर वॅक्स धुऊन नेतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी अंगावर सुकू दिलं तर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात, म्हणून शेवटी गाडी पुसून कोरडी करावीच.

खूण राहिलीच तर टॉर्च तिरपी धरून पाहावं. नख अगदी अलगद फिरवल्यावर अडकत नसेल तर हलक्या पॉलिशने भागतं. गॅरेजमध्ये ‘कंपाउंड मारून देतो’ म्हणतात, तेव्हा त्यातून क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कायमचे जातात. दर दिवाळीला हौसेने मशीन फिरवून घेणारे लोक चकाकी विकत घेतात आणि संरक्षण गमावतात. माझ्या मते, खूण दिसेल तेवढ्याच जागेवर हात चालवावा.

संरक्षणासाठी खर्च करायचा तर साधं वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी लावणं हा सर्वांत भरवशाचा मार्ग. सिरॅमिक कोटिंगमुळे किडे लवकर सुटतात, पण आठवडाभर उन्हात ठेवले तर त्यावरही खूण उमटू शकते. कोटिंग तुम्हाला थोडा जादा वेळ देतं, इतकंच. दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्यांनी निदान बंपर आणि बॉनेटच्या कडेवर पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म लावून घ्यावी. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर पडणारे चिकट थेंबही बहुधा किड्यांचेच असतात. मावा आणि पिठ्या ढेकूण रस शोषून जो गोड स्राव टाकतात, शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात, तोच हा. कोमट पाण्याने तो लगेच जातो.

काचेवर ओलं वर्तमानपत्र पसरून ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती उत्तम आहे, फक्त वायपर कोरड्या काचेवर चालवू नये. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात, त्यांना ब्लेड आणि थिनर दोन्ही वर्ज्य. आणि जाळीच्या आत एकदा डोकवावं. एसीच्या कंडेन्सरच्या पातळ पात्यांत किडे अडकून हवा कोंडते. तिथे पाण्याची हलकी धार द्यावी, प्रेशर गनने पाती वाकतात.

धुण्याआधी नंबरप्लेटचा एक फोटो मात्र जरूर काढावा. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये हजारो गाडीचालकांनी नंबरप्लेटवर पट्टी लावून किडे मोजले, तेव्हा सरासरी आठ किलोमीटरला एक किडा भरला होता. पुढे केंट परगण्यात तसंच मोजलं, तर २०१९ मध्ये ती संख्या निम्म्यावर आली होती. जर्मनीतल्या अभयारण्यांत सत्तावीस वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन पाऊणपटीहून जास्त घटल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पनवेल ते खालापूर हाच रस्ता, हाच महिना, रात्रीची हीच वेळ धरून दर दिवाळीला फोटो काढला आणि खाली तारीख लिहिली, तर आपल्या खाडीकाठचीही तशी नोंद घरच्या घरी तयार होते.