विसरभोळेपणा वयाचा की ‘बी-१२’चा?

साठी उलटलेल्या माणसाला नावे आठवेनाशी झाली, स्वभाव चिडचिडा झाला, की घरचे ‘वय झाले’ म्हणून विषय संपवतात. पायांना मुंग्या येतात, ही तक्रार तर कोणी मनावरही घेत नाही. वास्तविक या तिन्ही लक्षणांमागे ‘बी-१२’ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.

मज्जातंतूंवर विजेच्या तारेवरील रबरासारखे ‘मायलिन’चे वेष्टन असते. ते शाबूत राखण्यासाठी बी-१२ लागते. प्रौढाची गरज दिवसाला जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम, पण वनस्पतिजन्य पदार्थांत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. शाकाहाऱ्यांची भिस्त दूध-दह्यावर, आणि चहापुरते दूध घेणाऱ्याला ते पुरणार कसे? पुण्यातील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने केलेल्या अभ्यासांत ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे.

यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा उघड होते. उतारवयात जठरातील आम्ल घटले की शोषण मंदावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. फसगत आणखी एका ठिकाणी होते. फोलिक अॅसिड भरपूर मिळत असेल तर रक्तक्षय झाकला जातो, मज्जातंतूंची हानी मात्र सुरूच राहते. त्यामुळे हिमोग्लोबिन चांगले आहे, एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

निदान रक्ततपासणीने होते. उपचार गोळ्यांचे वा इंजेक्शनचे. मात्र ते लांबल्यास झालेली हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही.