अरण्यरूप स्मारक

वॉशिंग्टन शहरालगत पोटोमॅक नदींत सुमारें ८८ एकरांचें एक बेट आहे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट (१९०१–१९०९) यांनीं सुमारें २३ कोटी एकर सरकारी भूमि संरक्षणाखालीं आणिली. स्वतः ते मोठे शिकारी, हें नवलच! त्यांच्या स्मारक-मंडळानें १९३१ सालीं हें बेट विकत घेऊन पुढें राष्ट्रास अर्पिलें. पूर्वीं तेथें मेसन घराण्याचा वाडा व शेती होती. मूळचें अरण्य पुन्हा उभें राहावें म्हणून धाकट्या ऑल्मस्टेडच्या योजनेप्रमाणें देशी झाडांचीं हजारों रोपें लाविलीं. १९६७ सालीं १७ फूट उंचीच्या ब्राँझच्या पुतळ्यासह स्मारकाचें उद्घाटन झालें. आम्हांस विचाराल, तर पुतळ्याहून ती झाडीच अधिक शोभते. बेटावर मोटारींस मज्जाव आहे. व्हर्जिनियाच्या तीरावरून पुलानें पायींच जावें लागतें.