रेणूची मापे कोणत्या फूटपट्टीने घेतात?

आपल्या मंडळाच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी जी चार-सहा ज्येष्ठ मंडळी जमतात, त्यांच्यात मध्यंतरी एक प्रश्न निघाला. नातवाच्या शाळेच्या पुस्तकात पाण्याच्या रेणूचे चित्र होते. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन, आणि मधला कोन १०४.५ अंश. एका काकूंनी विचारले, "अहो, रेणू तर कुणाला दिसत नाही. मग हा कोन मोजला कुणी? आणि तोही अर्ध्या अंशापर्यंत?" प्रश्न अगदी रास्त होता. मी वाणिज्य शाखेचा, सारी हयात बँकेत गेलेला माणूस; पण निवृत्तीनंतर या विषयाचे वाचन बरेच झाले आहे, म्हणून उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. गणित बेरीज-गुणाकारापलीकडे जाणार नाही, काळजी नसावी.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. गॅसची शेगडी नीट पेटली की ज्योत निळी असते. त्यात मिठाचे चार कण पडले तर ती पिवळी होते. हा पिवळा रंग सोडियमच्या अणूंचा. वर्णपटदर्शकातून पाहिले तर पिवळ्या भागात अगदी जवळजवळ असलेल्या दोन बारीक रेषा दिसतात. निळा रंग मात्र अणूंचा नाही, रेणूंचा आहे. जळताना क्षणभर कार्बन आणि हायड्रोजन यांची एक जोडी तयार होते आणि दोन कार्बन अणूंचीही एक जोडी तयार होते. त्या जोड्या हा निळा-हिरवा प्रकाश देतात. त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला की दोन-चार रेषा नव्हे, तर रुंद पट्टे दिसतात. उपकरण चांगले असेल तर प्रत्येक पट्टा म्हणजे शेकडो रेषांची दाट रांग आहे हे कळते. २०२३च्या सुरुवातीला जो हिरवा धूमकेतू बातम्यांत गाजला, त्याचा हिरवा रंगही याच दोन कार्बनच्या जोडीचा.

अणूच्या रेषा मोजक्या आणि रेणूच्या एवढ्या का? कारण एकट्या अणूत फक्त इलेक्ट्रॉनची उलाढाल होते. रेणूत आणखी दोन खाती असतात. अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा आत-बाहेर होतो, हे कंपन. आणि सगळा रेणू गरगर फिरतो, हे परिवलन. इलेक्ट्रॉनच्या उलाढाली दृश्य किंवा अतिनील प्रकाशात दिसतात, कंपने अवरक्त प्रकाशात आणि परिवलन सूक्ष्मलहरींत, म्हणजे रडारच्या लहरींच्या आसपास.

आता मुख्य गोष्ट. रेणूला हव्या त्या वेगाने फिरता येत नाही. त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. खिशात फक्त ठरावीक किमतीच्या नोटा असाव्यात आणि सुटे पैसे अजिबात नसावेत, तसे समजा. दोन अणूंच्या रेणूसाठी या पायऱ्या ०, २, ६, १२, २० अशा उंचीच्या असतात. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायला किती लागते? २, मग ४, मग ६, मग ८. म्हणजे वर्णपटात रेषा समान अंतरावर याव्यात: पहिली जिथे असेल त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट जागी.

हे प्रत्यक्षात येते का? कार्बन मोनॉक्साइड घेऊ. एक कार्बन, एक ऑक्सिजन. त्याच्या पहिल्या चार रेषा मेगाहर्ट्झमध्ये अशा मोजल्या गेल्या आहेत: १,१५,२७१.२; मग २,३०,५३८.०, मग ३,४५,७९६.०, आणि मग ४,६१,०४०.८.

पहिल्या आकड्यावरून थेट लांबी निघते. जड आणि लांब वस्तू फिरवायला अवघड, आखूड आणि हलकी वस्तू सोपी, हे आपल्याला ठाऊक आहे. रेणूच्या बाबतीत ही 'फिरवण्याची अवघडता' जितकी मोठी, तितक्या पायऱ्या बुटक्या आणि रेषा एकमेकींच्या जवळ. म्हणून रेषेची जागा मोजली की अवघडता कळते. अणूंची वजने आधीच माहीत असतात. उरते फक्त त्यांच्यामधले अंतर. ते येते १.१३ अँगस्ट्रॉम. एक सेंटिमीटर भरायला असे पावणेनऊ कोटींहून जास्त तुकडे ओळीने ठेवावे लागतील. फूटपट्टी कुठेच लावलेली नाही, फक्त एका रेडिओ लहरीची वारंवारता मोजली आहे.

पण ज्यांना ताळा घेण्याची सवय आहे त्यांनी एव्हाना वहीत गुणाकार केला असेल. १,१५,२७१.२ची दुप्पट २,३०,५४२.४ होते. मोजलेली रेषा ४.४ने कमी आहे. तिपटीत १७.६ची तूट आहे, चौपटीत ४४.०ची. लाखांच्या व्यवहारात चार रुपयांचा फरक कोण बघतो, असे कुणी म्हणेल. बँकेत आम्ही बघत होतो आणि वर्णपटशास्त्रज्ञही बघतात. तूट कशी वाढते ते पाहा: ४.४, १७.६, ४४.० म्हणजे १, ४, १० या प्रमाणात. मोजणाऱ्याच्या हातून झालेली चूक अशी शिस्तीत वाढत नाही. ही तूट खरी आहे आणि तिला कारण आहे. रेणू जितक्या जोरात फिरतो तितका तो किंचित ताणला जातो. जत्रेतल्या फिरत्या पाळण्याच्या साखळ्या वेग वाढला की बाहेर फेकल्या जातात, तसेच. ताणला की लांबी वाढते, लांबी वाढली की रेषा थोडी खाली सरकते. म्हणजे या तुटीतून बंध किती ताठ आहे तेही कळले! एका हिशोबात दोन उत्तरे. मला स्वतःला या साऱ्या विषयात सर्वांत आवडलेली जागा हीच.

बंधाच्या ताठपणाची ही साक्ष दुसऱ्या खात्याशीही जुळते. हाच रेणू ४.६७ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशाने कंप पावतो, सेकंदाला सुमारे ६४ लाख कोटी वेळा. नेहमीच्या कार्बनऐवजी एका न्यूट्रॉनने जड असलेला कार्बन-१३ आला की पहिली रेषा १,१०,२०१ मेगाहर्ट्झवर येते, अपेक्षेप्रमाणे खाली. याच वायूच्या वर्णपटातील एका मालिकेला 'आसुंदी पट्टे' म्हणतात. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केलेल्या रं. कृ. आसुंदी यांचे ते नाव.

पाण्याच्या कोनाचे उत्तरही आता देता येते. पाण्याचा रेणू वाकडा असल्याने तो तीन निरनिराळ्या अक्षांभोवती फिरू शकतो आणि प्रत्येक अक्षाची अवघडता वेगळी. रेणू सपाट असल्याने तिसरी जवळजवळ पहिल्या दोनांची बेरीज असते, म्हणून खऱ्या अर्थाने स्वतंत्र आकडे दोन. अज्ञातेही दोनच: बंधाची लांबी आणि कोन. दोन समीकरणे, दोन उत्तरे. शाळेत आपण सगळ्यांनी सोडवलेले गणित.

आकार ओळखण्याची आणखी एक रीत आहे आणि तिच्यात भारताचा वाटा मोठा आहे. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तो वायू, या दोघांचे रेणुभार सारखेच, ४४. वजनावरून दोघांत फरक करता येत नाही. दोन्ही रेणू सरळ रेषेत. पण कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन मधोमध आणि दोन्ही टोकांना ऑक्सिजन, तर दुसऱ्यात नायट्रोजन, नायट्रोजन आणि शेवटी ऑक्सिजन. हे कसे कळले? अवरक्त प्रकाश शोषायला रेणूची विद्युत समतोलता हलावी लागते. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, त्या कंपनात समतोल ढळतच नाही. ते अवरक्तात नोंदले जात नाही. मात्र १९२८ साली कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी जो परिणाम शोधला, त्याच्या वहीत ते कंपन स्पष्ट दिसते. जणू एकाच व्यवहाराच्या दोन वह्या. रेणू मध्याभोवती सममित असेल तर एका वहीतली नोंद दुसरीत सापडत नाही. नायट्रस ऑक्साइडची मात्र दोन्हींत सापडते. तेवढ्यावरून मधोमध कोण बसले आहे हे ठरते. ज्या रामन परिणामाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो, त्याचा रोजचा उपयोग हा आहे.

आता पृथ्वीबाहेरची एक गोष्ट, कारण तिच्यात एका नोंदीचे मोल पंचवीस वर्षांनी कळले. १९४१च्या सुमारास कॅनडातले अँड्र्यू मॅकेलर ताऱ्यांमधल्या वायूत सापडलेल्या सायनोजेनच्या, म्हणजे कार्बन-नायट्रोजन जोडीच्या रेषा तपासत होते. एक रेषा तळाच्या पायरीवरच्या रेणूंची, दुसरी तिच्या वरच्या पायरीवरच्या रेणूंची. कोणत्या पायरीवर किती जण आहेत, यावरून तापमान निघते. ते आले २.३ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २७१ अंश सेल्सियस. त्या निर्जन जागी रेणूंना इतकी तरी ऊब कोण देत होते? रेणूंच्या वर्णपटांवरचे प्रमाणग्रंथ लिहिणारे गेरहार्ड हर्झबर्ग यांनी १९५०च्या आपल्या ग्रंथात या आकड्याची नोंद घेतली, पण त्याला फारसा अर्थ नाही असे ठरवून ते पुढे गेले. १९६५मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी साऱ्या आकाशातून येणारे मंद प्रारण शोधले आणि मग सायनोजेनची ती ऊब विश्वाच्या जन्मकाळची आहे हे उमगले. आजचा नेमका आकडा २.७२५ केल्विन. हर्झबर्ग यांना १९७१चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयातल्या आयुष्यभराच्या कामाबद्दल. त्या एका शेऱ्यावरून त्यांना कमी लेखू नये.

त्याच पेन्झियस आणि विल्सन यांनी, जेफर्ट्स यांच्यासह, १९७०मध्ये ॲरिझोनातल्या किट पीकच्या दुर्बिणीने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात १,१५,२७१ मेगाहर्ट्झची रेषा पकडली. आपली वरची पहिलीच रेषा! तारे जन्मतात त्या थंड ढगांत मुख्य वायू हायड्रोजन; पण त्याच्या रेणूत दोन्ही अणू सारखेच असल्याने तो थंडीत सहसा दिसत नाही. म्हणून त्याच्या सोबतीला असलेल्या कार्बन मोनॉक्साइडला साक्षीदार करतात. (नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणी आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्या मीटरभर लांबीच्या लहरींसाठी आहेत. ही रेषा त्यांच्या आवाक्याबाहेरची.)

इतक्या दूर न जाता पीयूसी केंद्रावर थांबा. पेट्रोल गाडीच्या धुराड्यात नळी घालतात, तेव्हा धूर एका छोट्या नळकांड्यातून जातो. एका टोकाला अवरक्त दिवा, दुसऱ्या टोकाला संवेदक आणि मध्ये ४.६७ मायक्रोमीटरच्या आसपासचाच प्रकाश सोडणारी गाळणी. कार्बन मोनॉक्साइड जितका जास्त, तितका प्रकाश कमी पोहोचतो. चिठ्ठीवर छापलेली टक्केवारी त्या रेणूच्या कंपनाने दिलेली असते.

याच तत्त्वावरचे दुसरे यंत्र शस्त्रक्रियेच्या खोलीत असते. भूल दिल्यावर श्वासासाठी घातलेली नळी श्वासनलिकेत गेली की चुकून अन्ननलिकेत, हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, आणि चूक असेल तर हाताशी मिनिटेच असतात. यंत्र बाहेर येणाऱ्या हवेतून ४.२६ मायक्रोमीटरचा प्रकाश सोडते. कार्बन डायऑक्साइड तो शोषत असेल तर दर श्वासाला पडद्यावर उंचवटा उमटतो, नळी बरोबर आहे. नळी अन्ननलिकेत असेल तर काही श्वासांत रेघ सपाट होते. त्याच हवेत नायट्रस ऑक्साइडही असू शकतो, वजन तेच, ४४. पण त्याची जागा ४.५० मायक्रोमीटरला आहे, म्हणून यंत्र दोघांना वेगळे ओळखते.