ताप गेला, तोलही गेला

शाळेतली सकाळची प्रार्थना डोळ्यांपुढे आणा. मुले रांगेत हात जोडून, डोळे मिटून उभी आहेत. चौथीतला एक मुलगा मात्र डोळे मिटले की डोलू लागतो, शेजाऱ्यावर रेलतो आणि पटकन डोळे उघडतो. मध्यंतरी दोन-अडीच महिने तो शाळेत नव्हता. त्याला मेंदूज्वर झाला होता. आता ताप नाही, भूक लागते, डॉक्टरांनी शाळेत जायला परवानगी दिली आहे. तरी लंगडीत तो पहिल्या-दुसऱ्या उडीलाच पडतो. आंधळी कोशिंबीर खेळायला नको म्हणतो. रात्री वीज गेली की भिंत धरल्याशिवाय चालत नाही, असे घरचे सांगतात.

हा मुलगा आम्ही समजावून सांगण्यासाठी कल्पिला आहे. पण त्याची प्रत्येक खूण खरी आहे. असे मूल वर्गात आले तर आपण काय म्हणतो? ‘अशक्तपणा आहे’, ‘लाडावला आहे’, ‘खेळायचे नाही म्हणून नाटक करतो’. पहिले कारण थोडेफार खरे असू शकते. उरलेली दोन म्हणजे मुलावर अन्याय आहे. तो कसा, हे समजण्यासाठी आपण तोल कसा सांभाळतो ते आधी पाहू या.

तोलाचे तीन साक्षीदार

आपण सरळ उभे आहोत की कलतो आहोत, ही बातमी मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. डोळे भोवतालच्या भिंती, झाडे पाहून सांगतात. पायांचे तळवे, सांधे आणि स्नायू जमिनीचा दाब आणि शरीराचा ताण कळवतात. तिसरा साक्षीदार कानात, अगदी आत दडलेला असतो.

आंतरकर्णात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोलाचे इंद्रिय असते. त्यात एकमेकींशी साधारण काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या द्रवाने भरलेल्या असतात. वर्गात हे दाखवायचे असेल तर वाटीभर पाण्यावर तुळशीचे पान सोडा आणि वाटी झटकन फिरवा. वाटी फिरते, पण पान जवळजवळ जागेवरच राहते, कारण पाणी मागे रेंगाळते. डोके वळवले की नलिकेतला द्रवही असाच मागे राहतो. त्यामुळे तिथल्या पेशींवरचे केसांसारखे बारीक तंतू वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. वाटी बराच वेळ फिरवून एकदम थांबवली तर पाणी फिरतच राहते. फुगडी थांबल्यावरही जग गरगरत का राहते, याचे उत्तर इथे आहे.

नलिकांच्या शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपल्यात असते त्याच पदार्थाचे, सूक्ष्म खडे असतात. डोके कलले की ते गुरुत्वाकर्षणाने सरकतात आणि खाली कुठे, वर कुठे हे कळते. या इंद्रियाच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट बारानी यांना 1914 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे इंद्रिय आणखी एक काम करते. हा अंक हातात धरा आणि डोके स्थिर ठेवून अंक डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरे पुसट होतील. आता अंक स्थिर ठेवून डोके तितक्याच वेगाने हलवा. वाचता येते! डोके वळले की कानातून निघालेला संदेश सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांना उलट दिशेने वळवतो. नुसत्या नजरेने हलत्या वस्तूचा पाठलाग करायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

मेंदूतला आजार कानात कसा?

बोलीभाषेत ज्याला आपण मेंदूज्वर म्हणतो, त्यात मेंदूभोवतीच्या आवरणांचा जंतुसंसर्गही येतो. मेंदूभोवतीचा द्रव आणि आंतरकर्ण यांत एक अरुंद वाट असते. तोलाची आणि ऐकण्याची मज्जातंतूही याच आवरणांतून जाते. जंतू आणि दाह या वाटांनी आंतरकर्णात पोचतात. म्हणूनच या आजारानंतर काही मुलांना बहिरेपणा येतो. अशा मुलांची श्रवणचाचणी दवाखान्यातून सोडण्यापूर्वी किंवा त्यानंतर महिन्याभरात व्हायला हवी. दाहानंतर शंखात हाड धरू लागते आणि मग कर्णरोपणाची शस्त्रक्रिया अवघड होते, म्हणून ही घाई. बहिरेपणा आलेल्या यातल्या अनेक मुलांचा तोलही गेलेला असतो.

दुसरे कारण औषधाचे. 1943 साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. त्यापूर्वी क्षयाचा मेंदूज्वर म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यू असे. या औषधाने रुग्ण वाचू लागले, पण त्यांच्यातले काही अंधारात धडपडतात हेही लवकरच दिसून आले. हे औषध आंतरकर्णातल्या तोलाच्या पेशी मारते. जेंटामायसिन हे त्याच कुळातले औषध, तेही असेच करू शकते. माणसात या पेशी पुन्हा उगवून काम भरून काढत नाहीत. कित्येकदा इजा उपचार संपता संपता किंवा संपल्यावर लक्षात येते.

इथे एक मुद्दा नीट ध्यानात घ्यायला हवा. ही दोन्ही औषधे ऐकण्याला धक्का न लावता फक्त तोल नेऊ शकतात. श्रवणचाचणी चांगली आली, म्हणून कान पूर्ण शाबूत आहे असे होत नाही.

चक्कर येत नाही, तरी पडतो

डॉक्टर विचारतात, ‘चक्कर येते का?’ मूल म्हणते, ‘नाही’. ते खरेच सांगत असते. एकाच कानाला इजा झाली तर दोन्ही बाजूंच्या बातम्या जुळत नाहीत आणि जग गरगरते. दोन्ही कान सारखेच गेले तर विसंगतीच उरत नाही, म्हणून गरगरत नाही. फक्त एक साक्षीदार कायमचा गप्प होतो. उजेडात, टणक जमिनीवर बाकीचे दोघे निभावून नेतात. डोळे मिटले, अंधार पडला, पायांखाली वाळू किंवा गादी आली, किंवा एकाच पायावर उभे राहिले की कारभार कोसळतो. प्रार्थना, लंगडी आणि आंधळी कोशिंबीर या तिन्हींत नेमके हेच होते.

चालताना नजरही स्थिर राहत नाही. 1952 साली एका अमेरिकी डॉक्टराने स्वतःचाच अनुभव वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. गुडघ्याच्या क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन घेतल्यावर त्याचा तोल गेला होता. नाडीच्या ठोक्याने डोके जेवढे हलते, तेवढ्यानेही पुस्तकातली अक्षरे उडत. वाचण्यासाठी तो पलंगाच्या गजांमध्ये डोके घट्ट टेकवून ठेवी. रस्त्यावरची पाटी वाचायची तर त्याला थांबावे लागे. एका जाणत्या डॉक्टरालाच हे लिहून सांगावे लागले, तर नऊ वर्षांच्या मुलाने ते कोणत्या शब्दांत सांगावे?

दरवेळी कानच असतो असे नाही

मेंदूज्वरानंतर तोल जाण्याची इतरही कारणे आहेत. लहान मेंदूला इजा झाली असेल तर उजेडातही पाय फाकून, झोकांड्या खात चालणे दिसते. हात थरथरतात, बोलणे अडखळते. झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या फेनिटॉइनची मात्रा जास्त झाली तरीही असेच होते आणि मात्रा सुधारली की बहुधा ते थांबते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब किंवा रक्तक्षय तपासावा लागतो. पडताना भान हरपत असेल तर तो झटका असू शकतो. आणि तोल दिवसेंदिवस बिघडत असेल, सोबत डोकेदुखी, उलट्या, सुस्ती असेल, तर मेंदूतले पाणी तुंबल्याची शंका घेऊन त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायला हवे.

यातून कोणी ‘औषधच वाईट’ असा अर्थ काढू नये. उपचाराविना हा आजार जीव घेतो. क्षयाच्या मेंदूज्वराचे उपचार साधारण वर्षभर चालतात आणि ते मध्येच सोडणे धोक्याचे असते. आज त्यासाठी स्ट्रेप्टोमायसिन पूर्वीइतके वापरले जात नाही. शंका आली तर औषध आपण बंद करायचे नसते. डॉक्टरांना सांगायचे असते.

शाळेने काय करावे?

पहिले काम निरीक्षणाचे. त्याच वयाच्या इतर मुलांबरोबर, खेळ म्हणून, डोळे मिटून एका पायावर उभे राहायला सांगा. शेजारी आपण उभे राहावे, मूल पडू देऊ नये. इतर मुले काही सेकंद सहज उभी राहत असताना हे मूल दर वेळी लगेच पडत असेल, तर ते पालकांना लिहून द्या आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. हे निदान नव्हे, ही फक्त खूण आहे.

दुसरे काम काळजीचे. अशा मुलाला प्रार्थनेत डोळे उघडे ठेवू द्यावेत. फळ्यावरचे वाचायला बसून वेळ द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याला एकट्याने विहिरीत किंवा नदीत उतरू देऊ नये. पाण्याखाली पाय टेकलेले नसतात, गढूळ पाण्यात दिसत नाही आणि कान गप्प असतो. वर कोणती बाजू हेच कळत नाही आणि पोहता येणारे मूलही बुडू शकते.

तिसरे काम सरावाचे. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या दोन साक्षीदारांवर जास्त विसंबायला मेंदू शिकतो. इंग्लंडमध्ये 1940 च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी यासाठी व्यायाम बसवले. त्यांत अंगठ्यावर नजर ठेवून डोके हलवणे, चेंडू झेलणे, मग उभे राहून आणि चालत तेच करणे, असे टप्प्याटप्प्याने जायचे असते. व्यायामतज्ज्ञाच्या सल्ल्याने हे शाळेच्या मैदानावरही जमते. अंथरुणात किंवा बाकावर बसवून ठेवल्याने मात्र मेंदूला शिकायला काहीच मिळत नाही.

म्हणून त्या मुलाला खेळातून बाहेर काढू नये. आंधळी कोशिंबीर त्याच्यासाठी नाही, पण उजेडातला चेंडू झेलणे नक्कीच आहे. तो पहिल्यांदा चुकेल, दहाव्यांदा झेलेल. तोवर त्याला कोणी नाटकी म्हणत नाही एवढे आपण पाहायचे.