बांधावरचा साग जाड का?

एकाच पावसाळ्यात लावलेला साग. दहा-बारा वर्षांनी पाहावं तर बांधालगतची ओळ जाडजूड आणि आतली झाडं उंच पण किडकिडीत. माती तीच, पाऊसही तोच!

आतल्या झाडाला चारही बाजूंनी भाऊबंद. उजेड मिळतो तो फक्त वरून, म्हणून ताकद शेंडा वर काढण्यात जाते. खालच्या फांद्या वाळतात, पानं घटतात आणि खोडाचा घेर राहून जातो. सागाच्या लागवडीत विरळणी करतात ती यासाठीच.

खरी चढाओढ मात्र जमिनीखाली. पाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हाताच्या थरातच असतात. जात एकच असली की पंगतीत सगळ्यांनी एकाच पातेल्यावर तुटून पडावं तसं होतं. जाती वेगळ्या असल्या तर कुणी खोलवरचं पाणी घेतं. शिसवासारखी शेंगवर्गीय झाडं मुळांच्या गाठींतल्या जीवाणूंकडून हवेतला नत्र मिळवतात. शिवाय मातीतल्या अनेक रोगकारक बुरशी ठरावीक जातींवरच जगतात. शेजारी परका असला की त्यांचा फैलाव अडतो. हा फायदा सहसा कुणी मोजत नाही.

चीनमधल्या जिआंग्शी प्रांतात २००९ पासून डोंगरउतारांवर एकाच जातीचे आणि मिश्र जातींचे तुकडे लावूनच पाहिले. आठ वर्षांनी १६ जातींच्या तुकड्यांत साठलेला कार्बन एकाच जातीच्या तुकड्यांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक भरला.

अर्थात कुणाच्याही शेजारी काहीही लावून चालत नाही. सागाला सावली सोसत नाही. भराभर वाढणारं झाड डोक्यावर गेलं, की तो खुरटलाच.