करमणुकीच्या दारातील झडती : काही भाषिक निरीक्षणे

वडाळ्याच्या पूर्व अंगास, आणिककडे जाणाऱ्या जोडरस्त्यावर, २००१ साली घुमटाकार पडद्याचे आयमॅक्स चित्रपटगृह उभे राहिले. त्याच वडाळ्यात कात्रक मार्गावरील राममंदिरात दरवर्षी गौड सारस्वत ब्राह्मण समाजाचा सार्वजनिक गणेशोत्सव भरतो. या दोन स्थळांचे परस्परांशी वरकरणी काहीच नाते नाही. एकात तिकीट काढून जावयाचे, दुसऱ्यात हात जोडून. तथापि आजच्या मुंबईत चित्रपट पाहावयाचा असो की गर्दीच्या मंडपात शिरावयाचे असो, दारातील विधी जवळजवळ एकच झाला आहे. पिशवी उघडून दाखवावी, खिशातील किल्ल्या हातात घ्याव्या, धातुशोधक चौकटीतून चालत जावे आणि पलीकडे उभ्या असलेल्या अनोळखी माणसासमोर दोन्ही हात बाजूस पसरावे. स्वतःच्या शरीराला परक्याचा हात लागू देण्याचा हा प्रसंग रोजच्या नागरी जीवनात अन्यत्र क्वचितच येतो. तो ज्या भाषेच्या आधारे घडतो, त्या भाषेचा थोडा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

हा व्यवहार फार जुना नव्हे. गिरणगावातील चित्रपटगृहांच्या आणि लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या तमाशागृहांच्या काळात दारावर असे तो ‘डोअरकीपर’. त्याचा संबंध तिकिटाशी. प्रेक्षकाच्या देहाशी नव्हे. या व्यवस्थेला मोठा तडा गेला तो १२ मार्च १९९३ रोजी. त्या दिवशी मुंबईत जे साखळी बॉम्बस्फोट झाले त्यांत २५७ माणसे प्राणास मुकली, आणि त्यांपैकी दहा दादरच्या प्लाझा चित्रपटगृहापाशी. पुढे २२ मे २००५ रोजी दिल्लीतील लिबर्टी आणि सत्यम् या चित्रपटगृहांत, १४ ऑक्टोबर २००७ रोजी लुधियानाच्या शिंगार चित्रपटगृहात स्फोट झाले. आणि नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर झडती ही हॉटेले, बाजारसंकुले, चित्रपटगृहे यांच्या दारातील कायमची गोष्ट होऊन बसली. एक तपशील येथे नोंदवून ठेवण्याजोगा आहे. प्लाझाचा स्फोट आवारात आणून ठेवलेल्या मोटारीत झाला होता. अंगझडतीने तो टळला नसता. लुधियानातील स्फोट मात्र प्रेक्षागृहाच्या आत झाला. म्हणजे एकाच शब्दाखाली आपण जी ‘तपासणी’ अपेक्षितो, तिला निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळे करावे लागते.

आता शब्दांकडे वळू. या क्रियेस मराठीत निदान तीन नावे आहेत : झडती, तपासणी आणि चेकिंग. ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘झडती’चे ‘झडणे’ या धातूशी नाते उघड आहे. पडणे–पाडणे, गळणे–गाळणे, मरणे–मारणे या जोड्यांप्रमाणेच झडणे–झाडणे ही जोडी आहे. वस्त्र झाडले म्हणजे त्यात दडलेले झडते. ‘झाडाझडती’ या शब्दात तर दोन्ही रूपे शेजारी आली आहेत. जुन्या दप्तरात हिशेबाच्या अखेरच्या छाननीसही झडती म्हणत. परंतु आज हा शब्द घर, खिसा आणि तुरुंग यांच्या भोवती फिरतो. झडती ‘घेतली’ जाते, ती कोणी देत नाही, आणि जिची घ्यावयाची ती व्यक्ती आधीच संशयित ठरलेली असते. ‘तपासणी’चे तसे नाही. वह्यांची तपासणी होते, डोळ्यांची होते, शाळेची होते. रेल्वेच्या डब्यात तिकीट तपासनीस येतो, आणि त्याच्या नावातील ‘नीस’ फडणीस-चिटणीसांचा सगोत्र आहे. तपासणीत संशय नसतो, नियम असतो. म्हणून चित्रपटगृहाच्या फलकावर ‘झडती’ हा शब्द सहसा आढळत नाही. क्रिया झडतीची, नाव तपासणीचे, अशी ही योजना आहे. उलट रांगेत उभे असलेले प्रेक्षक आपसांत बोलताना ‘चेकिंग’ म्हणतात. उसन्या शब्दाला भावनेचा रंग थोडा, त्यामुळे अवघड प्रसंगी तो सोयीचा पडतो. त्याच न्यायाने भाववाचक ‘सिक्युरिटी’चा माणूस झाला आहे. ‘सिक्युरिटीने अडवले’ या वाक्यात सिक्युरिटी हे पद रामा-गोविंदासारखेच कर्ता म्हणून वावरते.

‘बेवारस’ या शब्दाचा प्रवास याहून बोधक आहे. मूळचा हा वारसा-हक्काच्या प्रांतातील शब्द; ज्या मालमत्तेला वारस नाही, ज्या प्रेताला नातलग नाही, ते बेवारस. आता घटकाभर मालकापासून दूर राहिलेली पिशवीही बेवारस होते. वारस हयात असतो, पाणी प्यावयास गेलेला असतो, इतकेच.

फलकांच्या व्याकरणात विशेष लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे कर्त्याचा लोप. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून आपल्या विद्यार्थ्यांना आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांतील भेद परिचित आहे. ‘आणू नका’ हा आज्ञार्थी निषेध. त्यात बोलणारा ‘मी’ आणि ऐकणारा ‘तुम्ही’ समोरासमोर उभे असतात. ‘आणू नये’ हे विध्यर्थाचे निषेधरूप. त्यात बोलणारा मागे सरतो आणि जणू शिष्टाचारच बोलू लागतो. ‘आणण्यास सक्त मनाई आहे’ असे म्हणताच बोलणारा संपूर्ण नाहीसा होतो. मनाई ही पावसाप्रमाणे स्वयंभू असल्यासारखी भासते. आणि ‘आपल्या सामानाची तपासणी करण्यात येईल’ या वाक्यात तपासणारा कोण, कोणत्या अधिकाराने तपासणार, आणि नकार दिल्यास काय होणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. शासकीय मराठीने ही ‘-ण्यात येणे’ची रचना इतकी अंगवळणी पाडली आहे की ‘कडून’ घालून कर्ता सांगण्याची सोय भाषेत असूनही ती वापरण्याचे आपण विसरलो आहोत.

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर त्यासाठी एवढी जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु येथे भाषा कायद्याच्या पुढे धावते. दारावरचा गणवेशधारी रक्षक बहुतेक ठिकाणी खाजगी संस्थेचा नोकर असतो. महाराष्ट्रात अशा रक्षकांच्या नोकरीविषयी १९८१ चा कायदा आहे, आणि त्यांना पुरविणाऱ्या संस्थांच्या नियमनासाठी केंद्राचा २००५ चा कायदा आहे. यांपैकी कोणत्याही कायद्याने त्याला पोलिसाचे झडतीचे अधिकार दिलेले नाहीत. पोलिसालासुद्धा ते अमर्याद नाहीत. अटकेतील स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि शालीनतेचे कसोशीने भान राखून घ्यावी, हे बंधन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. मग खाजगी रक्षकाच्या कृतीला आधार कशाचा? प्रेक्षकाच्या संमतीचा, प्रवेशाची एक अट म्हणून त्याने दिलेल्या परवानगीचा. मराठीत या नात्यासाठी अगदी नेमकी रचना आहे : ‘करू देणे’. ‘पिशवी तपासू द्यावी’ या वाक्यात देणारा प्रेक्षक असतो. देण्याचे वा न देण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे राहते. ‘तपासणी करण्यात येईल’ या वाक्यात ते स्वातंत्र्य व्याकरणानेच काढून घेतलेले असते. २००५ च्या कायद्याने खाजगी रक्षकाने सैन्याचा वा पोलिसांचा अथवा त्यांच्यासारखा दिसणारा गणवेश घालणे गुन्हा ठरविले आहे. पोलिसांसारखी भाषा वापरण्यास मात्र कोणाचीच हरकत दिसत नाही.

याचा परिणाम कोठे दिसतो हे पाहावयाचे असेल तर निषिद्ध वस्तूंच्या यादीकडे पाहावे. शस्त्रे, स्फोटके, आगपेटी, तंबाखू आणि ‘बाहेरील खाद्यपदार्थ’ अशी नावे एकाच यादीत, एकाच क्रियापदाच्या छत्राखाली येतात. स्फोटक आणि डब्यातील थालीपीठ यांना समुच्चयी अव्ययाने जोडले की दोहोंचा निषेध एकाच कारणाने झाला असे वाचणाऱ्यास वाटते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला तेव्हा राज्य शासनाच्या बाजूनेही सुरक्षेचे कारण पुढे करण्यात आले होते. विमानात अन्न नेता येते, मग चित्रपटगृहातच त्याचा धोका कसा, अशा आशयाची पृच्छा न्यायालयाने केली. पुढे ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरमधून आलेल्या प्रकरणात चित्रपटगृहाच्या मालकाला बाहेरील खाद्यपदार्थ रोखता येतील असा निर्णय दिला. पिण्याचे पाणी विनामूल्य मिळावे आणि तान्ह्या मुलांसाठी लागणारे अन्न नेऊ द्यावे, याचीही त्यात नोंद झाली. निर्णय पटो वा न पटो, त्याची मांडणी स्वच्छ आहे. मालकाला तो अधिकार मिळाला तो त्याच्या मिळकतीच्या आणि धंद्याच्या हक्काने, बॉम्बच्या भीतीने नव्हे. फलकांनी हा भेद अद्याप स्वीकारलेला नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या इंग्रजी पाठात ‘पब्लिक अम्यूझमेंट’ आणि ‘पब्लिक एन्टरटेन्मेंट’ या दोन वेगळ्या संज्ञा आहेत, आणि त्यांतील दुसरीत नाटक-गाणे न येता खाणावळी आणि उतारूगृहे येतात. पाहुण्याला जेवू घालणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ तेथे शिल्लक राहिला आहे. एन्टरटेन्मेंटच्या दारात आज जेवणच अडविले जावे, हा अर्थांतराचा चांगलाच विनोद म्हणावयाचा.

फलकावरून प्रत्यक्ष बोलण्याकडे आले की चित्र बदलते. रक्षक पुष्कळदा दूरच्या प्रांतातून आलेला असतो. त्याची भाषा मुंबईची हिंदी असते, आणि वाक्ये आखूड : ‘बॅग खोलो’, ‘हात ऊपर’, ‘उस तरफ’. समोरच्याचा पोशाख पाहून ‘सर’ आणि ‘मॅडम’ लागतात किंवा गळतात. हे गळणे ज्याच्या वाट्याला येते त्यालाच विशेष ऐकू येते. पुरुष आणि महिला अशा दोन रांगांच्या पाट्यांत तृतीयपंथी व्यक्तीला कोणती पाटी, याचे उत्तर दारावरच्या माणसाला कोणी शिकविलेले नसते. याउलट वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरासारख्या ठिकाणी आषाढी एकादशीच्या दाटीत वारकऱ्यांचे ‘माउली, पुढे चला’ ऐकावे. वाक्य आज्ञार्थीच आहे, परंतु संबोधनाने आज्ञेची धार गेली आहे. चित्रपटगृहाने प्रेक्षकाला माउली म्हणावे असे कोणी सुचविणार नाही. ‘ताई’, ‘काका’, ‘दादा’ यांनीही काम भागते आणि ते शब्द शिकावयास दोन दिवस पुरतात.

धातुशोधक चौकटीचा आवाज हाही एक संकेतच आहे. चौकटीतील वेटोळ्यांतून विद्युत्प्रवाह खेळवून बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण केलेले असते. त्यात धातू आला की त्या धातूत भोवरी प्रवाह उठतात, क्षेत्रात फरक पडतो आणि घंटी वाजते. ती धातू ओळखते, हेतू ओळखत नाही. आणि धातूविरहित स्फोटकासमोर ती मुकीच राहते. किल्ल्या, पट्ट्याचा बक्कल, भ्रमणध्वनी यांमुळे ती जवळजवळ प्रत्येकासाठी वाजते, आणि रक्षक हाताने ‘चला’ म्हणून खुणावतो. शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या माहितीशास्त्राचा पहिला पाठ असा की, जो संकेत प्रत्येक वेळी खात्रीने येतो त्यातून मिळणारी माहिती शून्य. तेव्हा ज्या दारात घंटी सतत वाजते आणि कोणी थांबत नाही, त्या दारात चौकट असणे आणि नसणे यांत फरक उरतो तो फक्त दिखाव्याचा.

शेवटचा मुद्दा ‘सुरक्षा’ या शब्दाविषयी. इंग्रजीत सेफ्टी आणि सिक्युरिटी हे दोन शब्द आहेत. पहिला अपघातापासूनचा बचाव सांगतो, दुसरा घातपातापासूनचा. मराठीत पूर्वी दुसऱ्या अर्थी पहारा, रखवाली, बंदोबस्त असे ठसठशीत शब्द होते. नव्या परिभाषेत दोन्हींवर ‘सुरक्षा’ हेच एक पांघरूण पडले, आणि त्याखाली पहिला अर्थ हळूहळू गुदमरला. चित्रपटगृहात सुरक्षा चोख आहे, असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दारातील रक्षक येतो. मागचा दरवाजा येत नाही. वस्तुतः १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली ती कोणी शस्त्र आत आणल्यामुळे नव्हे. आग रोहित्राला लागली, धूर वर चढला. सज्जातील एक वाट जादा खुर्च्यांनी अडविलेली होती. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण दगावले. पहाऱ्याला दारे कमी असलेली सोयीची, तर बचावाला दारे जास्त आणि उघडी हवीत; एका अर्थाने केलेली सुरक्षा दुसऱ्या अर्थाच्या सुरक्षेच्या थेट विरुद्ध जाऊ शकते. एकच शब्द दोन्हींसाठी वापरणाऱ्या भाषेत हा विरोध दिसेनासा होतो.

यासाठी आमची सूचना साधी आहे. प्रवेशदाराच्या फलकावर ‘पहारा’ आणि ‘बचाव’ असे दोन भाग असावेत. पहिल्यात कर्ता सांगावा : ‘आत जाण्यापूर्वी आमचे रक्षक आपली पिशवी पाहतील, ती त्यांना पाहू द्यावी. पाहू द्यावयाची नसल्यास प्रवेश देता येणार नाही, तिकिटाचे पैसे परत मिळतील.’ खाद्यपदार्थांची अट उपाहारगृहाच्या दरपत्रकाशेजारी, तिच्या खऱ्या कारणासह लावावी. दुसऱ्या भागात बाहेर पडण्याच्या वाटा दाखवाव्यात, आणि त्यांवर ‘निर्गम’ वा ‘आपत्कालीन निर्गमन मार्ग’ अशी संस्कृतप्रचुर पाटी न लावता ‘बाहेर’ एवढे तीन अक्षरी पद मोठ्या ठशात लिहावे. दुसऱ्या इयत्तेतील मुलाला ते वाचता येते, आणि धुरात डोळे चुरचुरत असताना प्रौढ माणसाची वाचनशक्ती त्या मुलाहून फारशी पुढे राहत नाही.